छापलंय कुठे?

दाणीकाकांसमोर काही बोलायचं म्हणजे डोक्याला ताप असायचा. तुम्ही सहज म्हणावं, "यंदा ऊन फार कडक आहे हो काका," की ते चष्म्यावरून बघत विचारणार, "छापलंय कुठे?" साखर महागली म्हणा, छापलंय कुठे. खालच्या सिन्हांची सून माहेरी गेलीय ती आता परत यायची नाही म्हणा, छापलंय कुठे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, कालपासून माझ्या नळाला पाणी नाही, तेही छापून आणू का?" तर शांतपणे म्हणाले, "तुझ्या नळाला पाणी नाही हे तुला माहीत आहे. मला फक्त तू सांगितलंयस." एवढं बोलून आत गेले आणि आपल्या घरची भरलेली बादली माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवली.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांचं क्वार्टर माझ्या दारासमोर होतं. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा पहिला चहा शरयूकाकूंच्या हातचा प्याले, आणि चहा चांगला झालाय म्हटल्यावर काकांचा पहिला टोमणाही त्याच वेळी खाल्ला. माणूस मूळचा अमरावतीचा. टाउनशिप नवी होती तेव्हा नोकरीला लागला आणि इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झाला. या खात्याचं काम एकच, दुसऱ्यानं केलेला नग मापायचा आणि पास किंवा नापास करायचा. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते घरातही पाळायचे. आपण केलेला नग आपण पास करायचा नाही.

म्हणजे किती पाळायचे? काकूंनी जेवताना विचारलं, "अहो, आमटी कशी झालीय?" तर म्हणत, "कोथिंबीर मी निवडलीय. मला विचारू नकोस, नीलाला विचार." मग काकू वाटी घेऊन माझ्या दारात. त्या नियमाच्या कृपेने मी दाणींच्या घरची किती आमटी प्याले असेन, देव जाणे. नोकरीत असताना एकदा कारागीर आजारी म्हणून त्यांनी स्वतः मशीनवर उभं राहून एक सुटा भाग करून दिला. माल निघायची घाई होती. साहेब म्हणाले, दाणी, तुम्हीच सही करून टाका. काका स्कूटर काढून शिवाजी नगरला गेले, रजेवर असलेल्या दुसऱ्या इन्स्पेक्टरला सासुरवाडीच्या पंगतीतून उठवून घेऊन आले आणि त्याच्याकडून मापून घेतलं. तो इन्स्पेक्टर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता म्हणे.

रिटायर झाल्यावर मंडीदीपच्या एका खाजगी कारखान्यात लागले होते. तिथला मालक म्हणाला, "सर, आप साइन कर दीजिए, बाकी हम देख लेंगे." काका जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आले. मग मुलाचा जुना कॉम्प्युटर पुढ्यात ओढला, अशोका गार्डनच्या दुकानातून तो दुरुस्त करून आणला, आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात जाऊन बसले. कुणीही यावं, लिहावं, दुरुस्त करावं, पैसा मिळत नाही, नाव होत नाही असा तो उद्योग. काका त्याला नुसतं 'कोश' म्हणत.

मला वाटायचं, तिथे बसून ते काहीतरी थोर लिहीत असतील. एकदा डोकावले तर काय, कुणा कारट्यानं नदीच्या पानावर 'पिंकी आय लव्ह यू' लिहिलं होतं, ते काका पुसत होते. दुसऱ्या पानावर कुणी आपल्या गावच्या सरपंचाला युगपुरुष केलं होतं. तिसऱ्यावर दोन जातींची माणसं एका किल्ल्यावरून भांडत होती आणि दोघंही काकांना शिव्या देत होती. रोज सकाळी उठून 'अलीकडील बदल' नावाचं पान उघडायचं आणि जगानं रात्रभरात केलेला केर काढायचा. काकू म्हणायच्या, "रस्ता झाडणारी कमलाबाई अन् हे, दोघांची ड्यूटी एकच. तिला पगार तरी मिळते बाप्पा!"

संध्याकाळी काका खुर्चीत मान टाकून म्हणत, "थकलो बुवा. आता सोडतो."

"सोडा की," काकू म्हणायच्या. "कोणी हात धरलेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर निघालेलं असायचं.

एकदा अशोका गार्डनमधून एक इसम मिठाईचा डबा घेऊन आला. त्यांच्या कुणा भैयाजींचं पान कोशात करून हवं होतं. "सर, बहुत बड़ा नाम है उनका."

काकांनी विचारलं, "छपा कहाँ है?"

"छपा?" तो चक्रावला. "अरे सर, पूरे इलाके में पोस्टर लगे हैं!"

काकू आत पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकांनी डबा परत दिला, पण तोवर मी त्यातला एक पेढा तोंडात टाकला होता. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाले, "लाच खाल्लीस. आता तू त्या माणसाबद्दल काही लिहू शकत नाहीस." जसं काही मी लिहिणारच होते! पण थोड्याच दिवसांत मलाही त्यांनी त्या कामाला जुंपलं. माझ्या नावाचं खातं उघडून दिलं आणि भाज्यांची पानं माझ्याकडे सोपवली.

कोशात जळगावच्या एक बाई होत्या. खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही, तिथे 'तापीकाठ' या नावानं लिहायच्या. सुरुवातीला त्यांनी आपल्या गावच्या देवळाबद्दल ऐकीव गोष्टी लिहिल्या, काकांनी त्या काढल्या, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मग काकांनीच त्यांना शिकवलं. पुस्तकात, वर्तमानपत्रात, कुठे तरी छापून आलेलं असेल तरच लिहायचं, आणि कुठे छापलंय ते खाली द्यायचं. त्याला संदर्भ म्हणतात. बाई अशा तयार झाल्या की काकांच्या वरताण. काकू चिडवायच्या, "काय म्हणतात आज तुमच्या जळगावच्या बाई?" काका खुशीत सांगायचे, "आज तिनं माझंच एक वाक्य काढलं. बरोबर काढलं."

त्या कोशात एक आभाराचं बटण आहे. कुणी चांगलं काम केलं की ते दाबायचं, त्याला निरोप जातो की अमक्यानं तुमचे आभार मानले. मी काकांना कितीदा दाबून पाठवलं. त्यांनी मला एकदाही नाही. "चोचले आहेत," म्हणायचे. "माप घेतलं, बरोबर निघालं. त्यात आभार कसले?"

आता त्या वाक्याचं सांगते.

काका कोशात अगदी नवे होते, नियम अजून अंगात भिनले नव्हते, तेव्हा त्यांनी आमच्या टाउनशिपचं पान लिहायला घेतलं. काकू शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मेन गेटच्या रस्त्यावरचे कडुनिंब आम्ही बायकांनी लावले, ते लिहा. धुण्याचं पाणी नेऊन नेऊन घालत होतो." काकांनी लिहिलं, 'या रस्त्यावरील कडुनिंबाची झाडे वसाहतीतील स्त्रियांनी लावली.' आणि म्हणाले, "तुझं नाव घालत नाही हं. घरचं माणूस आहेस." काकू म्हणाल्या, "मी कुठं म्हणते घाला?" झालं. वाक्याला संदर्भ नव्हता, पण त्या काळात तिथे विचारणारं कोण होतं?

पुढे काही वर्षांनी एका हिंदी पेपरच्या पुरवणीत लेख आला, टाउनशिपच्या बहिणींनी लावलेल्या झाडांवर. लिहिणाऱ्यानं माहिती सरळ कोशातून उचललेली. तो लेख तापीकाठबाईंना सापडला. त्यांनी कर्तव्यबुद्धीनं काकांच्या त्या वाक्याखाली तो संदर्भ म्हणून लावून टाकला. म्हणजे बघा, काकांनी लिहिलं म्हणून पेपरनं छापलं, आणि पेपरनं छापलं म्हणून काकांचं वाक्य पक्कं झालं. आमच्या मराठी मंडळानं तर महिला दिनाला जुन्या बायकांचा सत्कारच केला. काकूंनाही शाल-श्रीफळ मिळालं.

त्या दिवशी सत्काराहून येऊन आम्ही त्यांच्याकडे चहा घेत होतो. काकूंनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि एकदम हसायलाच लागल्या. "अहो, स्टेजवर त्या शेळ्यांचं सांगायचं राहिलंच की!"

"कुठल्या शेळ्या?" काकांनी विचारलं.

"आम्ही लावलेली रोपं शेळ्यांनी खाल्ली ना. भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या शेळ्या. एका दुपारी सगळी साफ! मी तर रडले होते. मग हॉर्टिकल्चरवाल्यांनी जाळ्या लावून नवी लावली, ती ही झाडं. पाणी मात्र आम्हीच घालत होतो, ते खरं."

काकांचा कप हातातच राहिला. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर टाइप करत होते."

काका उठून कॉम्प्युटरकडे निघाले. काकूंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या हो. बायका किती खूश झाल्यात आज. ती पाटीलबाई तर रडली स्टेजवर. मी आहे तोवर तरी राहू द्या."

काका परत येऊन बसले. ते वाक्य त्यांनी राहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटा नग जाऊ दिला, आणि तो त्यांना किती सलत होता ते मला समोरच्या दारातून दिसत होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी कुणाला 'छापलंय कुठे' विचारलं नाही. मी मुद्दाम म्हणायचे, "काका, आज टोमॅटो महाग झालेत." तर नुसते "हं" म्हणायचे. मला त्या "हं"ची भीती वाटायला लागली होती.

पुढे एका हिवाळ्यात काकू गेल्या. आजार लांबला नाही, एवढंच बरं म्हणायचं. आईनं लावली नसेल एवढी माया त्या बाईनं मला लावली. दिवस झाले, मुलगा पुण्याला परत गेला, आणि मंडळानं मेन गेटच्या रस्त्यावर एक पत्र्याचा बोर्ड उभा केला. काकूंचा फोटो, खाली 'स्व. सौ. शरयू दाणी व भगिनींनी लावलेले वृक्ष'. मला बरं वाटलं होतं. काका मात्र दुधाला मागच्या रस्त्यानं जायला लागले. गुडघे दुखत होते, तरी लांबून.

मग एका सकाळी त्यांनी कोशातलं ते वाक्य काढलं.

तासाभरात तापीकाठबाईंनी ते परत घातलं. 'मजकुराला संदर्भ आहे. कृपया काढू नये.' काकांनी पुन्हा काढलं. बाईंनी पुन्हा घातलं. मग काकांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, 'हे वाक्य मीच लिहिले होते. ते चुकीचे आहे हे मला माहीत आहे.'

बाईंचं उत्तर आलं, 'आपल्याला माहीत असणे हा संदर्भ होत नाही, हे आपणच मला शिकवलेत. छापलंय कुठे, काका?'

मी मागे उभी राहून वाचत होते. मला आधी हसू फुटलं. मग काकांकडे बघितलं आणि हसू गिळलं. त्या कोशात काकांकडे पानाला कुलूप लावायचा अधिकार होता. मनात आणलं असतं तर एका बटणाचं काम होतं. त्यांनी हात लावला नाही. आपला नग होता ना. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत, आणि 'थकलो बुवा' हेसुद्धा म्हणाले नाहीत.

दरवर्षी गणपतीला मंडळाची स्मरणिका निघते. जाहिराती, शुभेच्छा आणि मुलांच्या कविता. काकांनी तिच्यासाठी लेख लिहिला. ज्या माणसानं हजार पानं दुसऱ्यांची तपासली, त्यानं स्वतःबद्दल कधी ओळ लिहिली नव्हती. लेख घेऊन माझ्याकडे आले. "तपास. मी पास करू शकत नाही."

मी वाचला आणि माझं डोकं फिरलं. "काका, ह्या शेळ्या आता कशाला काढता? काकू म्हणाल्या होत्या ना राहू द्या!"

"मी आहे तोवर, म्हणाली होती."

"म्हणून काय गेल्यावर खोटं पाडायचं त्यांना?"

काका दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "नीला, ती खोटं बोलली नाही. ती सांगत होती, आणि मी पुढचं विचारलं नाही. साऱ्या महाराष्ट्राला विचारत बसलो, छापलंय कुठे, छापलंय कुठे. हिला एवढंसुद्धा नाही विचारलं, की मग काय झालं? विचारलं असतं तर तिनं शेळ्यांचं तेव्हाच सांगितलं असतं. आणि काय रंगवून सांगितलं असतं गं." मग दाराबाहेर बघत म्हणाले, "तो बोर्डावरचा फोटो माझ्या बायकोचा वाटत नाही मला. ती अशी नव्हतीच."

मग मी तो लेख पुन्हा वाचला, नीट. त्यात मंगळसूत्र दातात धरून, साडी खोचून खड्डे खणणारी काकू होती. बादली नेताना शिफ्टच्या सायकलींना वाट न देणारी होती. शेळ्यांमागे लाटणं घेऊन वस्तीपर्यंत धावलेली, आणि शेवटी त्या शेळीवाल्या बाईच्याच दारात बसून चहा पिऊन आलेली होती. हे सगळं काकांनी कुठून आणलं? टाउनशिपमध्ये उरलेल्या चार म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन जाऊन विचारून आणलं होतं. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हटलं, "पास."

मंडळाचे अध्यक्ष सरोदेसाहेब भडकले. "दाणीसाहेब, सत्कार आम्ही केला, बोर्ड आम्ही लावला. लोक हसतील आम्हाला. वहिनींची तरी अब्रू राखा!" पण एका जाहिरातदारानं ऐन वेळी पाय मागे घेतला, पान रिकामं राहत होतं, म्हणून लेख छापला. गणपतीत काकांशी फारसं कुणी बोललं नाही. आरतीला ते मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभे असायचे. पाटीलबाई मात्र येऊन त्यांच्या हातावर मोदक ठेवून गेल्या. म्हणाल्या, "माझं लाटणं होतं हो ते."

काकांनी स्मरणिकेचं पान कोशातल्या चर्चेच्या पानावर लावलं. खाली एवढंच लिहिलं, 'छापलंय इथे.' आणि हात आखडून बसले. चारआठ दिवस काही नाही. मग एका सकाळी मला हाक आली. "नीला, जरा बघून दे. मला नीट दिसत नाहीये."

डोळे ठीक होते त्यांचे. मी वाचून दाखवलं. जळगावच्या बाईंनी जुनं वाक्य काढून नवं लिहिलं होतं. 'वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात शरयू दाणी व इतर रहिवासी स्त्रियांनी या रस्त्यावर कडुनिंबाची रोपे लावली. ती शेळ्यांनी खाल्ली. त्यानंतर लावलेल्या झाडांना या स्त्रियांनी पाणी घालून जगवले.' खाली संदर्भ, स्मरणिका, पान, सगळं व्यवस्थित.

"नाव घातलंय?" काकांनी विचारलं.

"घातलंय."

"शेळ्या आहेत?"

"आहेत काका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "आता ह्याला मी हात लावू शकत नाही," म्हणाले. "घरचं माणूस." आणि त्या दिवशी 'अलीकडील बदल' न बघताच त्यांनी कॉम्प्युटरवर कव्हर घातलं.

पुढे रिटायर लोकांनी भाड्यानं ठेवलेली क्वार्टर्स रिकामी करायचा कारखान्याचा कागद आला आणि मुलगा न्यायला आला. जाताना मला म्हणाले, "त्या पानावर लक्ष असू दे. लोक शेळ्या काढतील. लोकांना झाडं आवडतात." टॅक्सी मेन गेटच्या रस्त्यानं गेली. मुलानं मुद्दाम तिकडून घेतली की काकांनी सांगितलं, कोण जाणे. काच खाली होती आणि ते वर झाडांकडे बघत होते. मी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला, त्यांचं लक्ष नव्हतं.

मीही आता थकलेय. गुडघे माझेही बोलायला लागलेत. तरी सकाळी चहा झाला की ते पान उघडून बघते. काका पुण्याला गेल्यावर त्यांचं नाव कोशात कुठेच दिसेना. मुलगा फोनवर म्हणायचा, हल्ली फार बोलत नाहीत, नुसते बसून असतात, बोटं थरथरतात. कोशही बघतात की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

आणि झालं काकांनी सांगितलं तसंच. कुणीतरी येऊन शेळ्यांचं वाक्य उडवलं. कारण लिहिलं होतं, 'हास्यास्पद मजकूर. ज्ञानकोशाला शोभत नाही.' माझी अशी सटकली! मी ते परत घातलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'कुठे छापलंय ते खाली दिलंय. शेळ्या राहू द्या.'

उठून दूध उतू जातंय का बघितलं आणि परत येऊन बसले, तर वर कोपऱ्यात छोटा लाल ठिपका आला होता. मी दाबला. कोशाचा निरोप होता, दाणी यांनी तुमच्या संपादनाबद्दल आभार मानले आहेत.